शालेय पाठ्यपुस्तकें : जुन्या शिक्षकांच्या शिक्षणविचाराचें एक साधन

जुन्या साधनांचा संग्रह करणाऱ्या विद्वानांची दृष्टि पोथ्या, बखरी, सनदा व मोडी दप्तरें यांकडे सहजच वळते. घोकून घोकून कोपरे झिजलेलें, शाईचे डाग पडलेलें शाळेंतील क्रमिक पुस्तक मात्र कोणी संग्राह्य मानीत नाहीं. जुना वाडा पाडतांना पोथीचा रुमाल जपून बाहेर काढला जातो आणि त्याच फडताळांतील शालेय पुस्तकें रद्दींत जातात. या उपेक्षेमुळें आपल्या इतिहासाचें एक अंग कायमचें अंधारांत राहील, असें आम्हांस वाटतें. इंग्रजी शाळांतील शिक्षकांनीं शिक्षण म्हणजे काय मानिलें होतें, हें जाणावयाचें असेल तर त्यांच्या भाषणांपेक्षां हीं पुस्तकें अधिक विश्वासार्ह साधन आहेत, हें प्रस्तुत लेखांत दाखविण्याचें योजिलें आहे.

याचें कारण उघड आहे. भाषणांत शिक्षक आपला आदर्श सांगतो. पाठ्यपुस्तकांत त्याला निवड करावी लागते. आधीं काय शिकवावें व मागाहून काय, कोणता नियम सांगावा व कोणता गाळावा, मुलाच्या स्मरणशक्तीवर किती भार घालावा व बुद्धीवर किती, या प्रश्नांचें उत्तर त्याला पानोपानीं द्यावें लागतें. हीं उत्तरें एकत्र केलीं म्हणजे त्याचें शिक्षणशास्त्र आपोआप हातीं येतें; मग त्यानें त्या शास्त्राचें नांवहि काढलेलें नसो.

प्रथम संस्कृताचें उदाहरण घेऊं. पाठशाळेची जुनी परिपाटी सर्वांस परिचित आहे. रूपावली, समासचक्र, अमरकोश हे आधीं मुखोद्गत करावयाचे, मग रघुवंशाचे सर्ग, मग व्याकरण. या क्रमाच्या मुळाशीं एक निश्चित मत होतें : बालवयांत स्मरणशक्ति तीव्र असते, तोंवर कोठार भरून घ्यावें, अर्थ मागाहून उलगडेल. हें मत टाकाऊ होतें असें आम्ही म्हणणार नाहीं. या क्रमानें शिकलेल्या शास्त्र्यांना आयुष्याच्या अखेरीपर्यंत ग्रंथाचा आधार घ्यावा लागत नसे. परंतु मुंबई विद्यापीठाची पहिली प्रवेशपरीक्षा १८५९ सालीं झाली, आणि पुढें हायस्कुलांतून संस्कृत शिकणाऱ्या मुलांपुढें गणित, इतिहास, इंग्रजी इतक्या विषयांचें ओझें येऊन पडलें. बारा वर्षें पाठांतरास देण्याइतकी सवड त्यांना नव्हती. तेव्हां नवा मार्ग काढणें प्राप्तच होतें.

तो रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनीं काढला. १८६२ सालीं बी. ए. झालेल्या पहिल्या तुकडींत ते होते. पुढें सिंधमधील हैदराबाद व त्यानंतर रत्नागिरी येथील हायस्कुलांचे ते मुख्याध्यापक झाले. त्यांचें संस्कृताचें पहिलें पुस्तक, मार्गोपदेशिका, १८६४ चें. तें उघडून पाहावें. आरंभीं राम शब्दाचीं चोवीस रूपें नाहींत. आरंभ वर्तमानकाळच्या क्रियापदांनीं होतो. क्रियापद हातीं आलें कीं त्याच दिवशीं मुलाला एक लहानसें वाक्य करतां येतें, कारण संस्कृतांत कर्ता क्रियापदाच्या रूपांतच सूचित असतो. नामाच्या विभक्ती मागाहून थोड्या थोड्या येतात. प्रत्येक पाठाचा क्रम ठरलेला : नियम, शब्द, संस्कृतांतून इंग्रजींत भाषांतराचीं वाक्यें, आणि शेवटीं इंग्रजींतून संस्कृतांत करावयाचीं वाक्यें. जें आज शिकलें तें आजच वापरावें, हा या रचनेचा सिद्धान्त होय. कोठार भरण्याऐवजीं रोजची शिदोरी रोज बांधून देण्याची ही रीति आहे. ग्रंथकाराचा हेतु पुस्तकांच्या नांवांतहि दिसतो. पहिलें पुस्तक मार्ग दाखविणारें, तर दुसरें मंदिराच्या आंत नेणारें, म्हणून तें मंदिरान्तःप्रवेशिका. मार्ग म्हणजे मंदिर नव्हे, हें भांडारकरांनीं विद्यार्थ्याला पहिल्या पानावरच सांगून ठेविलें. पुढील पिढ्यांनीं पुष्कळदां मार्गावरच मुक्काम केला, हा दोष त्यांचा नाहीं.

जानेवारी १८८० मध्यें पुण्यास न्यू इंग्लिश स्कूल निघालें. विष्णुशास्त्री चिपळूणकर व बाळ गंगाधर टिळक हे त्याचे आरंभक. शास्त्रीबोवा स्वतः सरकारी हायस्कुलांतील शिक्षक असून त्या नोकरीचा त्यांनीं राजीनामा दिला होता. या शाळेस लवकरच वामन शिवराम आपटे येऊन मिळाले. त्यांचें संस्कृत वाक्यरचनेवरील मार्गदर्शक पुस्तक १८८१ चें. तेव्हां त्यांचें वय अवघें तेवीस वर्षांचें होतें. भांडारकरांचें लक्ष रूपांकडे, तर आपट्यांचें प्रयोगाकडे. वाक्यांतील पदांचा मेळ, विभक्तींचे अर्थ, धातुसाधितें, काळ व अर्थ, अव्ययें, अशा क्रमानें त्यांनीं विषय मांडिला आणि नियमामागें कालिदास, भवभूति, बाण यांच्या ग्रंथांतील उदाहरणें उभीं केलीं. शुद्ध रूप येणें निराळें आणि शिष्ट प्रयोग येणें निराळें. दुसऱ्याची परीक्षा कवींच्या दरबारींच व्हावयाची, असा त्यांचा अभिप्राय यावरून स्पष्ट होतो. त्यांचा १८९० चा संस्कृत-इंग्रजी कोश याच वृत्तीचें फळ आहे. शब्दाचे अर्थ अनुक्रमांक घालून वेगळे करणें, त्यांस ग्रंथांतील अवतरणें जोडणें, अखेरीस वृत्तें, ग्रंथकार व प्राचीन भूगोल यांवर परिशिष्टें देणें, हें सर्व विद्यार्थ्याची नड वर्गांत प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसासच सुचेल. १८९२ सालीं, वयाच्या चौतिसाव्या वर्षीं, ते निवर्तले.

त्याच मंडळींतील गोपाळ गणेश आगरकर यांचें वाक्यमीमांसा हें पुस्तक १८८८ चें. सुधारककर्ते आगरकर सर्वांस ठाऊक आहेत, व्याकरणकार आगरकर फारच थोड्यांस. मराठी वाक्याचे उद्देश्य व विधेय हे भाग पाडावे, कोणतें वाक्य कोणावर अवलंबून आहे तें ठरवावें, असा या पुस्तकाचा विषय. त्याच वर्षीं त्यांनीं सुधारक पत्र काढिलें. हा केवळ योगायोग आहे असें आम्हांस वाटत नाहीं. विधानाचे अवयव सुटे करून त्यांचा संबंध तपासण्याची जी संवय आगरकरांनीं मुलांना मातृभाषेच्या द्वारें लावूं पाहिली, तीच पत्राच्या द्वारें त्यांनीं प्रौढ वाचकांना लावूं पाहिली. एकाच शिक्षकाचे हे दोन वर्ग होत. गोपाळ कृष्ण गोखले यांचें अंकगणितहि याच शाळेंतल्या अध्यापनांतून निघालें व दूरदूरच्या शाळांतून चाललें.

आतां एक प्रश्न उरतो. शिक्षकाचा वेळ कोणाचा? १८८४ सालीं डेक्कन एज्युकेशन सोसायटी व १८८५ सालीं फर्ग्युसन कॉलेज स्थापन झाल्यावर या मंडळींत जो वाद माजला, त्याचें एक मूळ हेंच होतें. जेसुइट पाद्र्यांप्रमाणें सभासदानें आपली सर्व शक्ति संस्थेस द्यावी, बाहेरील कामें व त्यांचें उत्पन्न यांपासून दूर राहावें, हा टिळकांचा आग्रह. इतरांस तो तितक्या कडकपणें मान्य नव्हता. अखेर १८९० सालीं टिळकांनीं राजीनामा दिला. या वादाची चर्चा बहुधा व्यक्तींच्या स्वभावावर येऊन थांबते. आमच्या मतें तो शिक्षणविषयक दोन मतांचा वाद होता. त्याग हाच शिक्षकाचा मुख्य पाठ मानिला, तर टिळकांचें म्हणणें खोडतां येत नाहीं. परंतु वर्गाची भिंत ओलांडून पलीकडच्या मुलांपर्यंत जाणें हेंहि शिक्षकाचें काम मानिलें, तर रात्रीं दिव्याशीं बसून लिहिलेलें पाठ्यपुस्तक वर्गाबाहेरचें काम कसें म्हणावें? ज्या शाळेनें त्यागाचा कित्ता घालून दिला, तिनेंच हीं पुस्तकेंहि दिलीं. दोन्हींचें ऋण मान्य केल्यावांचून तिचा इतिहास पुरा होत नाहीं.

शेवटीं संग्राहकांस चार शब्द. एका पुस्तकाची एक प्रत मिळाली म्हणून दुसरी टाकूं नये. प्रत्येक आवृत्तीची प्रस्तावना जुळवून पाहावी. कोणता पाठ वाढला, कोणता गळला, यांतच ग्रंथकाराचा अनुभव असतो. मुखपृष्ठावरील आवृत्ति, मुद्रणालय, किंमत, मालकाचें नांव व इयत्ता यांची नोंद करावी. समासांतील पेन्सिलीचीं टिपणें, तारखा व खुणा अक्षरशः उतरून घ्याव्या. तारखांवरून वर्गाची गति कळते, कोऱ्या राहिलेल्या पानांवरून काय शिकविलें गेलें नाहीं तें कळतें, आणि ओळींच्यामधील अर्थांवरून शिक्षकाचें तोंडी विवेचन कळतें. हें विवेचन दुसऱ्या कोठेंहि लिहिलेलें नसतें. पुनर्बांधणी करवितांना कडा कापूं देऊं नयेत. बांधणाराच्या एका कापासरशीं ही सारी साक्ष नाहींशी होते.

ताडपत्राचा तुकडा जितक्या ममतेनें आपण उचलतों, तितक्याच ममतेनें ही झिजलेली मार्गोपदेशिका उचलावी. शेंकडों वर्ग शिकवून जे शिक्षक गेले, त्यांतील बहुतेकांचें हस्ताक्षर अशा एखाद्या समासांतच काय तें शिल्लक असावयाचें.