वाया जाणाऱ्या जाळाची वसुली

दिवाळीनंतर कराडहून वाळव्याकडे जाताना वाटेत एखादे गुऱ्हाळ लागावे, चुलवाणात चिपाडे सारणाऱ्या माणसाशेजारी घटकाभर उभे राहावे, आणि काहिलीतला रस आटविण्याच्या कामी न आलेला जाळ धुराड्यावाटे बिनहिशेबी आभाळात चाललेला पाहावा, म्हणजे या खर्चाची थोडीतरी वसुली व्हावी, असे मनात आल्यावाचून राहत नाही. तशी तजवीज करू पाहणारा पदार्थ म्हणजे उष्णतेपासून वीज काढणारी, छापता येणारी शाई.

तिच्यामागील तत्त्व जुने आहे. १८२१ मध्ये सीबेक या शास्त्रज्ञाने दोन धातूंचे वेटोळे करून एक सांधा तापविला, तेव्हा शेजारची चुंबकसूची ढळली. त्याने त्यास चुंबकत्व मानले, परंतु सुई हलविणारा होता तो विद्युत्प्रवाह. आज या कामी नावाजलेले बिस्मथ टेल्युराइड अंशामागे सुमारे २०० मायक्रोव्होल्ट देते. दोन बाजूंत ५० अंशांचे अंतर राखल्यास ऋण आणि धन तुकड्यांच्या शंभर जोड्यांतून, दोन्ही तुकड्यांचा वाटा मिळून, सुमारे दोन व्होल्ट मिळतात.

मात्र हा स्फटिक ठिसूळ. धुराड्याच्या गोलाईवर तो बसावा कसा? म्हणून त्याची पूड लवचीक बहुवारिकात कालवून शाई करतात. लग्नपत्रिका छापणाऱ्याकडे असते तशीच चौकटीत ताणलेली जाळी, तीवरून रबरी पट्टीने ओढलेली ती काळसर शाई, खाली पॉलिइमाइडचा पिवळसर पापुद्रा; ऋण आणि धन वाहकांच्या पट्ट्या आळीपाळीने उमटवून त्या चांदीच्या शाईने जोडायच्या, दाबायच्या आणि भाजायच्या. खरी अडचण पुढेच आहे: विजेला मुक्तद्वार आणि उष्णतेला मज्जाव, अशी दुहेरी मागणी या द्रव्याकडे असते, बहुवारिक उष्णतेला अडविते खरे, पण कणाकणांत शिरून विजेचीही वाट तोडते.

सातारा-सांगलीची महाविद्यालये ज्याच्या छत्राखाली आली, त्या १९६२ साली स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठात उष्मविद्युत पातळ थरांवर संशोधन झाले आहे. आणि १९१० साली औंध संस्थानातील माळावर उभ्या राहिलेल्या किर्लोस्करवाडीने तर दहा वर्षांत कारखान्याशेजारी मासिकही छापावयास घेतले. यंत्र आणि शाई यांचा शेजार या मुलखाला नवा नाही.

तरीही अपेक्षा बेतानेच ठेवावी. एक बाजू १०० अंश आणि दुसरी ३० अंश असता निसर्गनियमानेच शेकडा १९ हून कमी उष्णतेची वीज होऊ शकते, आणि छापील पट्टीच्या पदरात त्यातलाही अल्पांशच पडतो. साखर कारखान्यांच्या सहवीजनिर्मितीशी तिची स्पर्धा नाही. पण पाक उतरविण्याची वेळ, म्हणजे ११८ अंशांच्या आसपास, गुळव्या पाण्यात थेंब टाकून पारखतो. त्याच्या उशाशी एखादा तापमापक त्याच धुराड्याच्या उष्णतेवर चालला, तरी वसुलीची पहिली नोंद झाली म्हणावयाची.