घोयऱ्याचं घर

सरड्याची धाव कुंपणापर्यंत, असं आपण म्हणतो. म्हणताना त्या बिचाऱ्याची थोडी थट्टाच करतो. पण त्यानं कुंपणापलीकडे जावं तरी कशाला? त्याचं घर तिथंच, जेवण तिथंच, पाणीही तिथंच.

आज एका वेगळ्याच सरड्याविषयी सांगतो. त्याला घोयरा म्हणतात. कोणी सरडगुहिरा म्हणतात. भोर-वेल्ह्याकडे बांधावरच्या झुडपात तो कधीमधी दिसतो. (वेल्ह्याला आता राजगड तालुका म्हणतात. आमच्या तोंडात जुनंच नाव बसलं आहे.) मान हलवणारा, लालबुंद होणारा नेहमीचा सरडा तो हा नव्हे. घोयरा हिरवा, अंगानं चपटा. वाऱ्यानं पान हलावं तसा डुलत डुलत चालतो. एक डोळा पुढं बघतो, त्याच वेळी दुसरा मागं! शेपटीनं फांदी धरतो. जीभ अंगाइतकी लांब. ती झटकन फेकून नाकतोडा पकडतो.

आम्ही शाळेवर होतो तेव्हा एका मुलानं घोयरा धरून आणला. "गुर्जी, पाळू या का?" आम्हालाही हौस आली. काचेची मोठी बरणी घेतली. झाकणाला भोकं पाडली. आत पाण्याची वाटी ठेवली, माश्या सोडल्या. वाटलं, झकास सोय झाली. पण घोयरा काळा पडला. माश्यांकडे बघेना, वाटीला तोंड लावीना. चौथ्या दिवशी मेला. पोरगं फार रडलं.

आमची चूक आम्हाला पुष्कळ वर्षांनी उमगली. घोयरा वाटीतलं पाणी पीत नाही. पानावरचे दंवाचे, पावसाचे थेंब तो चाटतो. बरणीत वारा खेळत नाही. त्याला अंगावर ऊन हवं, नाहीतर हाडं ठिसूळ होतात. ऊन फार झालं की सरकायला सावलीही हवी. परदेशात लोक असे सरडे पाळतात. ते जाळीचा उंच पिंजरा करतात. आत झाड ठेवतात, वरून थेंब थेंब पाणी पाडतात, उन्हासाठी खास दिवा लावतात. एवढा खटाटोप कशाचा? आपल्या बांधावरच्या कुंपणाची नक्कल!

आपल्याकडे तर घोयरा धरणं, पाळणं, विकणं, मारणं हा गुन्हा आहे. १९७२ सालच्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तो ठरवला आहे. काही लोक घोयरा विषारी समजून ठेचतात. त्याला विष नाही. रंग बदलतो तोही करणीनं नव्हे. ऊन, थंडी, भीती, राग यांमुळं बदलतो.

तेव्हा त्याचं घर बांधायचंच तर बांधावर बांधा. करवंद, निरगुडी, एरंड यांचं जिवंत कुंपण राखा. राब भाजताना आग बांधाला लागू देऊ नका. घोयरा हळू चालणारा, त्याला पळता येत नाही. मादी खाली उतरून ओल्या मातीत बीळ उकरते आणि अंडी घालते. तेवढी जागा खणू नका.

रस्त्यात घोयरा दिसला तर पुढं काठी धरा. तो आपणहून चढेल. ज्या बाजूला निघाला होता, त्याच बाजूच्या झुडपावर सोडा. पोरांनी दोरा बांधला असेल तर हलक्या हातानं कापून काढा. जखमी असेल तर वनखात्याला १९२६ या नंबरावर फोन करा. माणूस येईपर्यंत टोपलीत पाल्याची फांदी घालून त्याला सावलीत ठेवा. वरून ओलं फडकं टाका. बरणीत मात्र ठेवू नका.