झडपांची फट (टॅपेट सेटिंग)

झडपांची फट म्हणजे चार धावांच्या (फोर-स्ट्रोक) इंजिनात झडप पूर्ण बंद असताना तिच्या दांड्याचे टोक आणि तिला दाबणारा रॉकर आर्म यांच्यामध्ये मुद्दाम राखलेले सूक्ष्म अंतर होय. ही फट योग्य मापाला आणण्याच्या कामास गॅरेजच्या भाषेत ‘टॅपेट सेटिंग’ म्हणतात. लहान मोटारसायकलींमध्ये हे माप साधारणतः ०.०५ ते ०.१५ मिलिमीटर असते. नेमका आकडा इंजिनागणिक बदलतो आणि तो उत्पादकाच्या पुस्तिकेत दिलेला असतो.

फटीचे प्रयोजन

इंजिन तापले की झडपेचा दांडा लांबीने वाढतो. या वाढीस जागा नसेल, तर झडप आपल्या बैठकीवर पूर्ण टेकत नाही. धूर बाहेर सोडणारी एक्झॉस्ट झडप सर्वाधिक तापते आणि आपली बहुतेक उष्णता बंद असताना बैठकीला देते. ती टेकली नाही, तर तप्त वायू फटीतून निसटतात आणि झडपेची कड जळते.

फट जास्त असल्यास टकटक आवाज येतो. झडप उशिरा उघडते, लवकर मिटते आणि शक्ती घटते. फट कमी असल्यास मात्र आवाज येत नाही. बैठक झिजून झडप वर सरकली की फट आपोआप कमी होते व इंजिन अधिक शांत भासते. त्यामुळे आवाज थांबेपर्यंत स्क्रू आवळणे ही नवशिक्याची सर्वांत महागात पडणारी चूक ठरते.

महाराष्ट्रातील संदर्भ

१९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली. शेतीपंपाच्या डिझेल इंजिनांमुळे टॅपेटचे काम ग्रामीण भागातही परिचित झाले. याउलट बजाज चेतक (१९७२), राजदूत, येझदी ही एकेकाळी घरोघरी दिसणारी वाहने दोन धावांची होती. त्यांच्या सिलिंडरमध्ये अशा झडपांऐवजी छिद्रे (पोर्ट) असत. १९८५ साली आलेल्या हिरो होंडा सीडी १०० सारख्या मोटारसायकलींबरोबर हे काम सामान्य दुचाकीधारकापर्यंत पोहोचले.

पद्धत

फट थंड इंजिनावर मोजतात. अनेक पुस्तिकांत इंजिनाचे तापमान ३५ अंश सेल्सिअसपेक्षा कमी असावे, अशी अट असते. दारव्ह्यासारख्या (यवतमाळ जिल्हा) ठिकाणी उन्हाळ्यात दुपारी सावलीतही पारा याच्या वर जातो. त्यामुळे रात्रभर बंद असलेल्या इंजिनावर पहाटे काम करणे योग्य ठरते.

एका सिलिंडरच्या मोटारसायकलीवर कामाचा क्रम असा असतो :

१. स्पार्क प्लग व झडपांवरील झाकणे काढून इंजिन चालण्याच्या दिशेने हाताने फिरवतात आणि फ्लायव्हीलवरील ‘टी’ खूण खाचेसमोर आणतात.

२. ही खूण एका चक्रात दोनदा समोर येते. संपीडनाच्या (कॉम्प्रेशन) धावेअखेर दोन्ही रॉकर किंचित सैल लागतात. एखादा घट्ट असल्यास आणखी एक पूर्ण फेरा द्यावा लागतो. ही खात्री न करता घेतलेले माप निरुपयोगी असते.

३. ठरलेल्या जाडीची फीलर गेजची पाती फटीत सरकवतात. ती हलक्या घर्षणाने सरकली पाहिजे.

४. लॉकनट सैल करून स्क्रूने फट जुळवतात आणि स्क्रू धरून ठेवूनच नट आवळतात.

५. नट आवळताना माप बदलते. म्हणून इंजिन दोन पूर्ण फेरे फिरवून पुन्हा मोजतात. झाकणांचे रबरी सील खराब असल्यास बदलतात.

मर्यादा

काही इंजिनांत स्क्रूऐवजी शिमच्या चकत्या बदलाव्या लागतात, तर हायड्रॉलिक टॅपेट असलेल्या इंजिनांत नेहमीच्या देखभालीत फट जुळवावी लागत नाही. आधीच जळलेली झडप योग्य फट ठेवूनही सुधारत नाही. ती बदलावी किंवा तिची बैठक दुरुस्त करावी लागते. म्हणूनच आवाजाची वाट न पाहता पुस्तिकेतील किलोमीटरनुसार तपासणी करणे इष्ट असते.