शेजाऱ्याचे कुत्रे सांभाळताना



दिवाळी सरली की आपल्या जालना जिल्ह्यातून, अंबड, घनसावंगी, मंठ्याकडच्या गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. घराला कुलूप लागते. वर्षभर खळे राखणारे कुत्रे शेजाऱ्याच्या हवाली होते. शेजारी बिचारा वेळेवर भाकर घालतो. पण खुंटीला बांधलेले कुत्रे चार-पाच महिने सोडत नाही.

असेच एक कुत्रे मी पाहिले. पोरांच्या अंगावर लोळणारे ते जनावर मालक परतला तेव्हा त्याच्याच धाकट्या मुलीला चावले. ‘पिसाळले’ म्हणून लोकांनी काठ्या उचलल्या. आम्ही थांबवले. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुतली, मुलीला लगेच दवाखान्यात नेऊन लस दिली आणि कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवली. ते ठणठणीत राहिले. पिसाळले नव्हते, बांधून बांधून चिडले होते.

कुत्रे हे धावणारे जनावर आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ प्रमाणे, नेहमी बांधून ठेवलेल्या कुत्र्याला मालकाने पुरेसे न फिरवणे हा गुन्हा आहे. शहरांत पैसे घेऊन कुत्री सांभाळणारी घरे निघाली आहेत; चांगल्या ठिकाणी खेळायला मोकळे अंगण असतेच. आपल्याकडे तर जागेला तोटा नाही.

दोन-तीन घरची कुत्री सांभाळणार असाल तर गोठ्याजवळ गुंठाभर जागा घ्या. सहा फूट उंच जाळी लावा आणि ती फूटभर जमिनीत गाडा, कारण कुत्री उकरून निसटतात. आपली काळी माती पावसात चिखल होते, उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून वर मुरूम टाका आणि पाणी वाहून जाईल असा उतार द्या. एखादा लिंब आत येऊ द्या, नसेल तर पाचटाचे छप्पर करा. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच ते अंग थंड करते. सावली आणि मातीच्या पसरट भांड्यात ताजे पाणी नसेल तर वैशाखात ते उष्माघाताने दगावेल. उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळीच खेळू द्या.

परकी कुत्री पहिल्याच दिवशी एकत्र सोडू नका. आधी जाळीच्या दोन बाजूंना ठेवून ओळख होऊ द्या. भाकर नेहमी वेगवेगळी घाला; भांडणे तिथेच लागतात. विष्ठा रोज उचलून विहिरीपासून लांब पुरा, कारण तिच्यातल्या जंतांची अंडी पोरांच्या पोटात जाऊ शकतात. फवारणीची औषधे आणि उंदरांचे विष जवळपासही नको. कडवंचीच्या द्राक्षांनी आपल्या तालुक्याचे नाव केले, पण द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक आहेत, हे बागायतदारांनी ध्यानात ठेवावे.

आणि टोळीला निघणाऱ्या बंधूंनो, कुत्रे सोपवण्यापूर्वी त्याला रेबीजची लस टोचून घ्या. तीन महिन्यांच्या पिलाला पहिली, पुढे दरवर्षी. जंताचे औषधही पाजा. लसीचा कागद शेजाऱ्याकडे द्या.

राखणदाराने तुमचे घर राखले. तुम्ही परत याल तेव्हा त्याने शेपूट हलवत दाराशी यावे, एवढी सोय त्याची आपण करू शकतो.