पंखा फिरतो, पण संगणक उठत नाही

मे महिन्यात आंजर्ल्याला मामांकडे गेलो, तर ओटीवर सगळे गंभीर चेहऱ्याने बसलेले. मध्ये टेबलावर संगणकाची पेटी उघडी. खाऱ्या, दमट हवेने जुना मदरबोर्ड गंजला, म्हणून मामेभावाने नवा बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम आणून घरीच बसवली होती. बटण दाबलं की पंखा फिरे, दिवे लागत. पण स्क्रीन काळीच.

‘‘दादा, दुरुस्तीवाले फोनवर म्हणाले, फॉरमॅट मारावं लागेल. मारू?’’

आतून मामी म्हणाली, ‘‘अरे, त्यात आपल्या वाडीचे फोटो आहेत!’’

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने दापोलीच्या किनाऱ्यावरच्या नारळी-पोफळी आडव्या केल्या. मामांची वाडीही त्यात गेली. ती उभी होती तेव्हाचे फोटो फक्त त्या एका हार्ड डिस्कवर होते. मी म्हटलं, आधी चहा घेऊ. फॉरमॅटला हात लावायचा नाही.

कारण सोपं आहे. संगणक सुरू होतो तो पायरीपायरीने. पहिली पायरी विजेची. दुसरी पायरी तपासणीची. प्रोसेसर, रॅम, चित्र दाखवणारा भाग जागेवर आहेत का, हे मदरबोर्ड स्वतःच पाहतो. तिसऱ्या पायरीवर तो डिस्क शोधतो आणि चौथ्या पायरीवर विंडोज उठते. आमची गाडी दुसऱ्या पायरीवरच अडली होती. डिस्कपर्यंत ती पोचलीच नव्हती, मग डिस्क पुसून काय होणार? म्हणून बिघाड झाला की पहिला प्रश्न ‘काय बिघडलं’ हा नव्हे, तर ‘कुठल्या पायरीवर थांबलं’ हा विचारावा.

पंखाच फिरत नसेल, तर पेटीच्या बटणाची बारीक वायर बोर्डावर योग्य पिनांवर आहे का ते पाहावं. पंखा क्षणभर फिरून थांबत असेल, तर बोर्डाची मागची बाजू पत्र्याला टेकत असण्याची शक्यता असते. बोर्ड ज्या पितळी खुंट्यांवर बसतो, त्यातली एखादी जुन्या बोर्डाची खुंटी भलत्या ठिकाणी राहून जाते. हे सगळं वायर भिंतीतून काढूनच करायचं. आधी पेटीच्या पत्र्याला हात लावावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते. पॉवर सप्लायचा डबा मात्र कधीही उघडू नये. वायर काढल्यावरही त्यात वीज साठून राहते.

पंखा फिरतो पण स्क्रीन काळी, ही सर्वांत नेहमीची तक्रार. मदरबोर्डाला विजेच्या दोन वायरी लागतात. एक २४ पिनांची मोठी, ती सगळे लावतात. दुसरी ४ किंवा ८ पिनांची, खास प्रोसेसरसाठी, बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात. ती विसरली जाते. मामेभाऊ हीच विसरला होता. ती लावली, रॅम काढून दोन्ही टोकांना ‘टक्’ आवाज येईपर्यंत दाबून बसवली आणि स्क्रीनवर अक्षरं उमटली. एवढ्यावरही उजेड पडला नाही, तर एकच रॅम लावून पाहावी, बोर्डावरचा गोल सेल पाचेक मिनिटं काढून ठेवावा आणि आपला प्रोसेसर त्या बोर्डाच्या बायोसला चालतो का, हे कंपनीच्या यादीत पाहावं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर गुण कशाने आला ते कळत नाही.

आमचा आनंद मात्र मिनिटभरच टिकला. स्क्रीनवर संदेश आला : बूट करण्याजोगी डिस्क सापडत नाही. मामा म्हणाले, ‘‘गेले म्हणायचे फोटो.’’

फोटो गेले नव्हते. आता आम्ही तिसऱ्या पायरीवर होतो. जुन्या संगणकांत बायोस असे आणि डिस्कची मांडणी एमबीआर पद्धतीची. नवे बोर्ड यूईएफआय पद्धतीचे, त्यांना जीपीटी मांडणी लागते. जुनी पद्धत चालवण्याची सोय बरीच वर्षं नव्या बोर्डांतही होती. पण २०२० पर्यंत ती काढून टाकण्याचा मानस इंटेलने २०१७ मध्येच जाहीर केला होता. आमच्या बोर्डावर ती सोय नव्हती. म्हणजे डिस्क ठणठणीत, फक्त दोघांची भाषा वेगळी.

डिस्क काढली, यूएसबीच्या डबीत घालून माझ्या लॅपटॉपला जोडली. फोल्डर उघडला आणि पहिलाच फोटो आला : पोफळीच्या रांगेत पाट काढणारे मामा. मामी पदराला हात पुसत बाहेर आली. कोणी काही बोललं नाही.

आधी सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवलं. त्यानंतरच, विंडोजच्या पेनड्राइव्हवरून ‘एमबीआरटूजीपीटी’ हे मायक्रोसॉफ्टचं साधन चालवून जुन्या डिस्कची मांडणी बदलली. २०१७ पासून ते विंडोज १० सोबतच मिळू लागलं. यात फाइली पुसल्या जात नाहीत, पण प्रत काढल्याशिवाय हे करू नये. विंडोज उठली, नवा बोर्ड पाहून जरा रेंगाळली आणि सुरू झाली.

चौथ्या पायरीवर निळी स्क्रीन आली असती, तर यूईएफआयमध्ये डिस्कची पद्धत एएचसीआय की रेड, हे जुन्या बोर्डाप्रमाणे ठेवून पाहिलं असतं. आणखी एक सावधगिरी. डिस्कला बिटलॉकरचं कुलूप असेल, तर नवा बोर्ड पाहताच विंडोज ४८ आकडी किल्ली मागते. ती नसेल तर डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडूनही काही दिसत नाही. म्हणून बोर्ड बदलण्याआधी ती किल्ली कागदावर उतरवावी आणि महत्त्वाच्या फाइलींची प्रत काढून घ्यावी. किल्ली मायक्रोसॉफ्टच्या खात्यातही बहुधा सापडते.

दुरुस्तीवाल्याने ‘फॉरमॅट’ म्हटलं, तर त्याला एवढंच विचारा : ‘‘संगणक डिस्कपर्यंत पोचतोय का?’’ उत्तर मिळेपर्यंत डिस्क त्याच्या हाती देऊ नका.

मामांच्या फोटोंच्या आता दोन प्रती आहेत. एक आंजर्ल्यात, एक माझ्याकडे.