दिंडोरी: वाईनच्या तालुक्यात

नाशिकच्या उत्तरेला सुमारे २५ किलोमीटरवर, वणीच्या सप्तशृंगगडाकडे जाणाऱ्या रस्त्यावर दिंडोरी हे तालुक्याचे गाव आहे. भाविकांना ते स्वामी समर्थ केंद्रामुळे माहीत असते, व्यापाऱ्यांना द्राक्षांमुळे. वाईन पिणाऱ्यांना मात्र ते बाटलीवरून कळले. सुला कंपनीच्या 'दिंडोरी रिझर्व्ह शिराझ'ने हे नाव महानगरांतल्या हॉटेलांपर्यंत नेले.

क्रोएशियातल्या इस्त्रियासारख्या भागात घरोघरी तळघर असते आणि आडनावाच्या पाटीखाली वाईन विकली जाते. दिंडोरीत तसे काही दिसत नाही. बाजारपेठेत फवारणीची औषधे, ठिबकच्या नळ्या आणि क्रेट यांचीच दुकाने जास्त. परवान्याशिवाय वाईन करता किंवा विकता येत नसल्याने ती बघायची तर गावाबाहेर, शिवारातल्या वायनरीतच जावे लागते.

जायचे कधी, हे वेलीवर ठरते. युरोपात द्राक्षे सप्टेंबर-ऑक्टोबरात तोडतात. इथे तोडणी साधारण जानेवारी ते मार्च. तिकडे कडक थंडीत वेल पाने गाळून झोपते. इथल्या हवेत तिला अशी झोप लागत नाही, म्हणून शेतकरी वर्षातून दोनदा छाटणी करतो. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी होते. तिच्यानंतर फुटलेल्या नव्या काड्यांच्या डोळ्यांत पुढच्या हंगामाचे घड आकार घेतात. पाऊस ओसरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरात, गोडी छाटणी करतात आणि मग घड बाहेर पडतो. त्यामुळे मणी कोरड्या हवेत पिकतो. हा भाग समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आहे. हिवाळ्यात दिवसा ऊन आणि रात्री कधी कधी १० अंशांखाली पारा, त्यामुळे साखर भरते आणि आंबटपणाही टिकतो. पाण्याचा निचरा करणारी मुरमाड, हलकी जमीन वेलीला मानवते. परभणी जिल्ह्यातल्या येलदरी-जिंतूरकडच्या खोल काळ्या रानाची सवय असलेल्याला ही जमीन गरीब वाटेल, पण उत्तम वाईनची द्राक्षे बहुधा अशाच जमिनीत येतात.

खायची आणि वाईनची द्राक्षे वेगळी असतात. खायच्या थॉम्पसन जातीचे घड जिब्रेलिक ॲसिडच्या द्रावणात बुडवून मणी फुगवतात. वाईनला मणी लहान, जाड सालीचा आणि बियांचा लागतो, कारण रंग आणि तुरटपणा सालीतून येतो. पांढऱ्या वाईनसाठी सॉविन्यॉं ब्लां आणि शेनिन ब्लां, तांबडीसाठी शिराझ आणि कॅबर्ने या जाती इथे रुळल्या आहेत. पांढऱ्या वाईनसाठी आधी रस काढून मग तो आंबवतात. तांबडीसाठी सालींसकट आंबवतात. आंबवताना यीस्ट साखरेचे अल्कोहोल करते. फसफसणाऱ्या वाईनसाठी द्राक्षे जरा आधीच तोडतात, म्हणजे आंबटपणा जास्त राहतो. उत्तम प्रतीच्या अशा वाईनमध्ये दुसऱ्यांदा आंबवण्याची क्रिया थेट बाटलीतच होते. 'शांदों' या फ्रेंच नावाची अशी वाईन दिंडोरीतही बनवली गेली.

वायनरीत स्टीलच्या टाक्या आणि ओकची पिंपे दाखवतात, मग चाखायला देतात. आधी पांढरी, नंतर तांबडी, घोट लहान. चव घेऊन घोट थुंकून टाकला तरी कोणी नावे ठेवत नाही, आणि गाडी चालवणाऱ्याने तर तेच करावे. महाराष्ट्रात वाईनसाठी वयाची अट २१ वर्षांची आहे.

हा धंदा जुना नाही. १९८०च्या दशकात नारायणगावच्या शातो इंडाजने फसफसणाऱ्या वाईनने वाट पाडली. नाशिकजवळ सुला १९९९मध्ये उभी राहिली. २००१च्या राज्याच्या द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरणाने करसवलती दिल्या, विंचूरला वाईन पार्क झाले आणि वायनऱ्या भराभर निघाल्या. २००८-०९च्या मंदीत मागणी कोसळली. अनेक शेतकऱ्यांनी वाईनच्या वेली उपटून पुन्हा खायची द्राक्षे लावली. आजही तालुक्यातली बहुतेक बाग थॉम्पसनसारख्या जातींचीच आहे. मोहाडीची 'सह्याद्री फार्म्स' ही शेतकऱ्यांची कंपनी द्राक्षे परदेशी पाठवते. वाईनच्या नावाने आलेल्या प्रवाशाने हेही पाहावे; बागायतदाराचे पोट बहुतांशी खायच्या द्राक्षांवरच चालते.

पावसाळ्यात डोंगर हिरवेगार असतात, पण वेलीवर घड नसतात. परभणीहून येणाऱ्याला रेल्वेने मनमाडमार्गे नाशिकरोड गाठता येते. तिथून पुढे रस्त्याने दिंडोरी.