पट्टणकोडोलीची भाकणूक

फरांडेबाबा दगडी गादीवरून उठले की पट्टणकोडोलीच्या यात्रेत ढोलांचा आवाज एकदम चढतो. हातात नंगी तलवार. ठेक्यावर पावलं टाकत ते तिची धार पोटावर फिरवतात; याला हेडाम म्हणतात. वरून भंडारा, खारीक, खोबरं आणि मेंढीच्या लोकरीची उधळण. छत्र्या, माणसं, रस्ता, सगळं पिवळंधमक. हेडाम खेळत बाबा धनगरांच्या विठ्ठल-बिरदेवाच्या देवळात पोचतात आणि येत्या सालाची भाकणूक, म्हणजे भविष्य, सांगतात.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हातकणंगले तालुक्यातलं, हुपरीजवळचं हे गाव. बाबा सोलापूरकडच्या अंजनगावाहून पायी येतात. भाकणुकीत पाऊसकाळ येतो, धारण म्हणजे बाजारभाव येतो, रोगराई येते, राजकारणही येतं. पाऊस कुठं पडणार, यावर धनगराची मेंढरं कुठं चरणार हे ठरतं. तेव्हा हे प्रश्न त्याच्या पोटाचे आहेत.

असेच प्रश्न एके काळी राजे विचारत. युफ्रेटिसकाठच्या मारी शहरात, पावणेचार हजार वर्षांपूर्वी, कुणाच्या तोंडून देव बोलला की अधिकारी तो निरोप मातीच्या पाटीवर लिहून झिम्री-लिम राजाकडे धाडत. पुष्कळदा सोबत त्या माणसाच्या केसांची बट आणि वस्त्राचा काठ जाई, खरंखोटं पारखायला. सहाव्या शतकात वराहमिहिरानं राजज्योतिषी कसा असावा यावर बृहत्संहितेत अख्खा अध्याय घातला. मेघांना गर्भ राहिल्यावर १९५ दिवसांनी पाऊस पडतो, हा हिशेबही त्यातलाच. कोल्हापूरचे शिलाहार ज्यांचे मांडलिक होते, त्या कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसऱ्या सोमेश्वरानं मानसोल्लासात राज्यकारभारासोबत शकुनांचाही विचार केला.

दरबारातलं भविष्य राजाच्या कानी जाई. फौज निघे किंवा थांबे, रयतेला कारण कळत नसे. पट्टणकोडोलीत मेंढका, ऊसकरी, चांदी कारागीर, पुढारी, सगळे एकाच वेळी, एकाच गर्दीत ऐकतात. पेरणीसाठी हवामान खात्याचा अंदाजच बघावा, असं माझं स्पष्ट मत आहे. तरीही या भाकणुकीचं मोल मला फार वाटतं, कारण राजासाठी राखलेला प्रश्न इथं मेंढरामागं चालणाऱ्या माणसाच्या हाती आला आहे. बाबांचे शब्द मोजके, जुन्या वळणाचे. त्यांचा अर्थ लोक आपसात लावतात, तोही घरी परतेपर्यंत.

दसऱ्यानंतर ही यात्रा भरते. एकदा जाच. एखाद्या जुन्या मेंढक्याशेजारी उभे राहा आणि भाकणूक झाली की तिचा अर्थ त्यालाच विचारा.